ओली धावपट्टी म्हणजे नेमकी किती ओली?

पावसाळ्याचे चार महिने मुंबईकराचे लक्ष लोकलच्या रुळांवर खिळलेले असते. शीव-कुर्ल्यादरम्यान रुळांवर किती इंच पाणी चढले, यावर लाखो लोकांचा दिवस ठरतो. त्याच कुर्ल्याच्या पलीकडे, सांताक्रूझच्या विमानतळावर, हाच प्रश्न मिलिमीटरमध्ये विचारला जातो. तेथे तीन मिलिमीटर हा आकडा निर्णायक असतो. धावपट्टीवरील पाणी तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर ती केवळ ‘ओली’. त्याहून अधिक असेल तर तिच्यावर ‘पाणी साचलेले’ आहे. कागदावर हा फरक नखाच्या जाडीएवढा वाटतो. विमानाच्या ब्रेकसाठी मात्र तो जमीन-अस्मानाचा असतो आणि तो फरक वेळेवर ओळखून वैमानिकाच्या कानापर्यंत पोहोचवणे हे हवाई वाहतुकीतील आजही पुरते न सुटलेले कोडे आहे.

२१ जुलै २०२५ रोजी सकाळी कोचीहून आलेले एअर इंडियाचे एआय २७४४ हे एअरबस ए ३२० विमान मुंबईत मुसळधार पावसात उतरताना मुख्य धावपट्टीवरून बाजूला घसरले. प्रवासी आणि कर्मचारी सुखरूप बाहेर पडले. एका इंजिनाच्या आवरणाची मोडतोड झाली, धावपट्टीचेही किरकोळ नुकसान झाले आणि वाहतूक दुय्यम धावपट्टीवर वळवावी लागली. मुंबईला हे दृश्य नवे नव्हते. १९ सप्टेंबर २०१७ रोजी वाराणसीहून आलेले स्पाइसजेटचे बोइंग ७३७ अशाच पावसात धावपट्टी सोडून चिखलात रुतले होते. १ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीच्या सुमारास जयपूरहून आलेले त्याच कंपनीचे विमान मुख्य धावपट्टीचे टोक ओलांडून पुढे गेले आणि ते बाहेर काढून धावपट्टी पुन्हा सुरू होईपर्यंत जवळपास चार दिवस उलटले. तिन्ही प्रसंगांत जीवितहानी झाली नाही. त्यामुळे चर्चा प्रामुख्याने झाली ती रद्द झालेल्या उड्डाणांची आणि ताटकळलेल्या प्रवाशांची. उतरण्यापूर्वी वैमानिकाला धावपट्टीविषयी काय सांगण्यात आले होते, हा प्रश्न बातम्यांच्या तळाशीच राहिला.

एका शब्दाचे ओझे

कोळिकोडच्या अपघातात हा प्रश्न टाळणे शक्य नव्हते. ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ तेथील डोंगरमाथ्यावरील धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. विमानात १९० जण होते. मृतांची संख्या २१ झाली आणि त्यांत दोन्ही वैमानिक होते. विमानाची सूत्रे होती कॅप्टन दीपक साठे यांच्याकडे. हवाई दलातील हे माजी विंग कमांडर नागपूरशी नाते असलेले, त्यामुळे महाराष्ट्राला त्या रात्रीची बातमी अधिकच जवळून लागली.

विमान अपघात तपास विभागाचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष निःसंदिग्ध आहे. विमानाचे अवतरण स्थिर नव्हते, सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सुचवूनही ते चालू ठेवण्यात आले आणि ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान तब्बल ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर टेकले. पाठीमागून वाऱ्याचा १४ नॉटचा जोर होता आणि जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग होता १६५ नॉट, ताशी सुमारे ३०५ किलोमीटर. पहिल्या प्रयत्नात मुख्य वैमानिकाच्या समोरील काचेचा वायपरही बंद पडला होता. इतक्या गोष्टी एकत्र आल्यावर धावपट्टी कोरडी असती तरी प्रसंग बाका होता.

तरीही उतरण्याची परवानगी देताना नियंत्रण कक्षाने दिलेली माहिती पाहण्यासारखी आहे. दृश्यमानता दोन हजार मीटर, हलका पाऊस, वाऱ्याची दिशा व वेग आणि धावपट्टीचा पृष्ठभाग ‘ओला’. धावपट्टीविषयी एवढा एकच शब्द. तो खोटा नव्हता. पण पहाटेच्या दवाने रंग बदललेली धावपट्टीही ओलीच असते आणि ढगफुटीनंतर जिच्यावर गाडीचे दिवे प्रतिबिंबित होतात तीही ओलीच. या दोन टोकांच्या मध्ये वैमानिकाने स्वतःच अंदाज बांधायचा, अशी जुन्या पद्धतीची अपेक्षा होती. ‘दमट’, ‘ओली’, ‘पाण्याची डबकी’, ‘जलमय’ अशी वर्गवारी नियमांत होती खरी. पण या शब्दांचा विमानाच्या थांबण्याच्या अंतराशी काही संबंध जोडलेला नव्हता. वैमानिकाच्या हातातील तक्ते एका भाषेत बोलत, धावपट्टी पाहून आलेला कर्मचारी दुसऱ्या भाषेत आणि दोघांमध्ये दुभाषा नव्हता.

चाक जमिनीवर, तरी अधांतरी

विमानाचे चाक ओल्या धावपट्टीवर का घसरते, याचे उत्तर अमेरिकेच्या ‘नासा’ने साठच्या दशकातच शोधून ठेवले आहे. वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँग्ली येथील प्रयोगांतून दाखवून दिले की, एका विशिष्ट वेगानंतर टायरसमोरील पाण्याला बाजूला पळण्यास वेळच मिळत नाही. ते टायरखाली पाचरीसारखे घुसते आणि टायर उचलून धरते. याला ‘अ‍ॅक्वाप्लेनिंग’ म्हणतात. हा वेग प्रामुख्याने टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असतो. पौंड प्रति चौरस इंचातील दाबाच्या वर्गमुळाला नवाने गुणले की नॉटमधील वेग मिळतो, इतका तो हिशेब सोपा आहे. बोइंग ७३७ च्या टायरमध्ये साधारण २०० पौंडांचा दाब धरला, तर उत्तर येते १२७ नॉट, म्हणजे ताशी २३५ किलोमीटर. हे विमान बहुधा १४० नॉटच्या आसपास वेगाने टेकते. म्हणजेच पुरेसे पाणी साचलेले असेल, तर धावपट्टीला स्पर्श होतो त्या क्षणी, ब्रेकची सर्वाधिक गरज असते नेमक्या तेव्हाच, चाके पाण्यावर तरंगत असतात. लहान विमानांच्या टायरमधील दाब कमी असल्याने त्यांच्या बाबतीत हा धोका आणखी कमी वेगालाही संभवतो.

याशिवाय एक चोरटा प्रकार आहे. त्याला साचलेले पाणीही लागत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत झालेला असेल, तर पाण्याचा कागदासारखा पातळ थरही टायर आणि डांबराची गाठ पडू देत नाही. पहिल्या पावसात स्कूटर घसरलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे.

नियमांनी याची दखल घेतली ती अंतरात वाढ करून. जेट विमानाचे प्रमाणित थांबण्याचे अंतर धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसले पाहिजे आणि धावपट्टी ओली असण्याची शक्यता असेल तर वर आणखी १५ टक्के लांबी हवी, असा हा जुना दंडक. एखाद्या विमानाला थांबण्यासाठी हजार मीटर लागत असतील, तर कोरड्यात सुमारे १,६७० आणि ओल्यात सुमारे १,९२० मीटर धावपट्टी हवी. मात्र हा हिशेब उड्डाण करण्यापूर्वीचा आहे. दोन तासांनी विमान मुंबईवर पोहोचेल तेव्हा धावपट्टीवर प्रत्यक्षात काय असेल, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी कोणीतरी ती पाहावी लागते आणि पाहिलेले सांगावे लागते.

बर्फातून आलेली मोजपट्टी

हे सांगण्याची सध्याची पद्धत जन्मली ती पावसातून नव्हे, बर्फातून. ८ डिसेंबर २००५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर साउथवेस्ट कंपनीचे बोइंग ७३७ हिमवर्षावात धावपट्टी ओलांडून, कुंपण तोडून रस्त्यावर आले. एका मोटारीतील सहा वर्षांचा मुलगा त्यात मरण पावला. आधी उतरलेल्या वैमानिकांनी ब्रेक लागण्याविषयी दिलेले अभिप्राय एकमेकांशी जुळत नव्हते. त्यातून अमेरिकेत विमानतळ, कंपन्या आणि विमान उत्पादक यांना एका टेबलाभोवती बसवण्यात आले आणि धावपट्टीच्या स्थितीला शब्दांऐवजी आकडा देण्याची पद्धत आकाराला आली. अमेरिकेने ती १ ऑक्टोबर २०१६ पासून स्वीकारली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजेच ‘इकाओ’ने, ती जगभरासाठी ४ नोव्हेंबर २०२१ पासून लागू केली. करोनामुळे त्यास एक वर्षाचा विलंब झाला होता. ही एक जागतिक व्यवस्था असल्याने भारतातील विमानतळांनाही तीच मोजपट्टी लागू आहे.

पद्धत वरकरणी सुटसुटीत आहे. धावपट्टीचे लांबीनुसार तीन सारखे भाग करायचे आणि प्रत्येक भागाला शून्य ते सहा यांपैकी एक आकडा द्यायचा. सहा म्हणजे कोरडी. पाच म्हणजे ओली, पाणी तीन मिलिमीटरपर्यंत. तीन म्हणजे ‘निसरडी ओली’. दोन म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षा अधिक पाणी साचलेली. उरलेले आकडे मुख्यत्वे बर्फाच्या निरनिराळ्या अवतारांसाठी आहेत. श्रीनगर-लेहसारखे अपवाद वगळता आपल्याकडे त्यांचे काम पडत नाही. नियंत्रण कक्षाने ‘पाच, पाच, दोन’ असे सांगितले, की पहिले दोन भाग ओले आणि शेवटच्या भागात पाणी साचलेले, हे वैमानिकाला समजते. विमान उत्पादकाने याच आकड्यांवर बेतलेले तक्ते दिलेले असल्याने थांबण्याचे अंतर त्याला लगेच काढता येते. अशा रीतीने दुभाषा सापडला, हे या पद्धतीचे मोठेच यश म्हणायला हवे.

अडचण सुरू होते ती पाच आणि दोन या आकड्यांमधील उडीपाशी. बर्फ पडून राहतो. त्याची जाडी मोजायला, तो खरवडायला, पुन्हा मोजायला सवड मिळते. पावसाचे तसे नसते. साचलेल्या पाण्याची सूचना ज्या नमुन्यात दिली जाते, त्याचे नावच ‘स्नोटॅम’ आहे, म्हणजे हिमाची वर्दी! ही वर्दी जास्तीत जास्त आठ तास ग्राह्य राहू शकते. नवा अहवाल आला की जुनी रद्द होते, हे खरे. पण आठ तासांची मुदत आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जुलैमधील कोकण किनारा नव्हता, एवढे नक्की.

तीन मिलिमीटर कोण मोजणार?

मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३,४५० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद आहे. तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दोन लाख लिटरहून अधिक, दहा हजार लिटरच्या वीस टँकरांएवढे पाणी पडले. तासाला ६० मिलिमीटर हा दर मुंबईच्या जोरदार सरीला काही अपूर्वाईचा नाही. त्या दराने दर मिनिटाला हे वीस टँकर रिते होत असतात. पाणी ओसरावे म्हणून धावपट्टी कासवाच्या पाठीसारखी मधोमध उंच आणि कडांना उतरती बांधतात. दीड टक्का उतार धरला, तर मध्यभाग कडेपेक्षा सुमारे ४५ सेंटिमीटर उंच असतो. पाण्याला मध्यापासून कडेपर्यंत तीस मीटर वाहत जावे लागते आणि आडवा वारा असेल तर वाऱ्याकडील बाजूचे पाणी तो उलट वर ढकलतो. अवजड विमानांच्या चाकांनी डांबरावर जेथे पन्हळी पाडल्या असतील, तेथे ते साठून राहते. कडेला पोहोचल्यावर गटारांनी ते पुढे न्यायचे असते. मुंबईत ‘पुढे’ म्हणजे मिठी नदी. ही नदी धावपट्टीच्या खालूनच वाहते आणि भरतीच्या वेळी तिचीच अवस्था बिकट असते.

अशा वेळी धावपट्टीची तपासणी म्हणजे काय, तर विमानतळाचा कर्मचारी दोन विमानांच्या मधल्या वेळात जीप घेऊन धावपट्टीवर उतरतो, ठिकठिकाणी पाण्याची खोली पाहतो आणि नियंत्रण कक्षाला कळवतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने न थांबता गेले तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन मिनिटे लागतात. मुंबईत तासाला चाळीसहून अधिक विमानांची ये-जा होते आणि दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. साडेतीन मिनिटे रिकामी काढणे म्हणजे किमान दोन विमानांना आकाशात घिरट्या घालायला लावणे. तेव्हा खाली उतरून, पट्टी लावून, तीनही भागांत पुरेशा ठिकाणी खोली मोजणे हे भर पावसात क्वचितच शक्य होते. बहुतेक वेळा जीपच्या दिव्यांच्या उजेडात, फिरत्या वायपरमागून, अनुभवी नजरेने अंदाज केला जातो. नजर कितीही अनुभवी असो, अडीच आणि साडेतीन मिलिमीटर यांतला फरक तिने रात्री ओळखावा, ही अपेक्षाच मुळात अवाजवी आहे. आणि ओळखला, तरी जीप धावपट्टीबाहेर येऊन बिनतारी यंत्रावर बोलेपर्यंत धावपट्टीवर आणखी काही मिलिमीटर पडून गेलेले असतात.

पावसाचा लहरीपणा मुंबईला सांगण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. साडेतीन किलोमीटरच्या धावपट्टीच्या एका टोकाला उघडीप आणि दुसऱ्या टोकाला झोड, हे त्यामुळे मुळीच अशक्य नाही.

नियमांतील आणखी एक तरतूद सहसा चर्चेत येत नाही. धावपट्टीच्या एखाद्या तृतीयांशात ज्या स्थितीने पंचवीस टक्क्यांहून कमी भाग व्यापला असेल, ती स्थिती आकड्यात धरली जात नाही. सबंध पट्टी ओली आणि पाव भागापेक्षा थोड्या कमी जागेत पाणी साचलेले, तर आकडा पाचच राहू शकतो. मुंबईत एक तृतीयांश म्हणजे साडेअकराशे मीटर. पाण्याचा तो पट्टा कडेला असेल तर बिघडत नाही. चाकांच्या वाटेवर असेल तर बरेच बिघडते. तपासणाऱ्याला आपल्या विवेकाने आकडा खाली आणण्याची मुभा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. पण चाळीस विमाने वर ताटकळत असताना विवेक वापरून आकडा खाली आणणे, याला धैर्यही लागते.

सांगितले, पण पोहोचले नाही

माणसाच्या नजरेपेक्षा खात्रीचा साक्षीदार एकच असतो, तो म्हणजे नुकतेच उतरलेले विमान. म्हणूनच नव्या पद्धतीत वैमानिकाच्या अभिप्रायाला औपचारिक स्थान देण्यात आले आहे. ‘चांगले’पासून ‘वाईटाहून वाईट’पर्यंत सहा ठरावीक पायऱ्यांत त्याने ब्रेक कसे लागले ते सांगायचे. लागोपाठ दोन वैमानिकांनी ‘वाईट’ म्हटले, तर धावपट्टीची पुन्हा तपासणी. त्याहूनही वाईट म्हटले, तर वाहतूक थांबवण्याचा विचार. ही साखळी तुटली तर काय होते, याचा धडा मुंबईनेच दिलेला आहे.

१० नोव्हेंबर २००९. ‘फयान’ चक्रीवादळ अरबी समुद्रातून किनाऱ्याकडे सरकत होते आणि मुंबईत अवकाळी पाऊस पडत होता. दुरुस्तीच्या कामामुळे मुख्य धावपट्टीचा काही भागच वापरात होता. सरकारी कंपनीचे एक एअरबस ए ३१९ विमान उतरले आणि आपण ‘अ‍ॅक्वाप्लेन’ झालो, धावपट्टीच्या कडेचे दिवेही तुटले, असे वैमानिकाने नियंत्रण कक्षाला कळवले. कक्षाने ते ऐकून घेतले, तपासणीसाठी जीपही पाठवली. परंतु ‘अ‍ॅक्वाप्लेनिंग’ या शब्दाचा अर्थ संबंधित नियंत्रकाला परिचित नव्हता, असे तपास अहवाल सांगतो. त्याचे गांभीर्य न उमगल्याने मागून येणाऱ्या, भावनगरहून निघालेल्या किंगफिशरच्या एटीआर ७२ विमानाला उतरण्याची परवानगी मिळाली. आधीच्या वैमानिकाचा इशारा त्याला कळवण्यात आला नाही. धावपट्टीवर पाण्याची डबकी होती. विमान धावपट्टीबाहेर गेले आणि त्याची मोठी मोडतोड झाली. सुदैवाने कोणी दगावले नाही. किंगफिशरच्या वैमानिकाचे अवतरणही स्थिर नव्हते, ही त्याची चूक अहवालाने नोंदवलीच आहे. पण त्याला इशारा मिळाला असता तर त्याने ते अवतरण चालू ठेवले असते का, हा प्रश्न उरतोच. पाहणाऱ्याने पाहिले, सांगणाऱ्याने सांगितले आणि मधल्या दुव्यावर एका अनोळखी शब्दामुळे सारे अडले.

शब्दाऐवजी ठरावीक आकडे आणि ठरावीक पायऱ्या असाव्यात, या आग्रहामागे असेच अनुभव आहेत. आज असा शब्द कोणा नियंत्रकाला अनोळखी असेल, असे मानण्याचे कारण नाही. तरीही अभिप्राय देणे अखेर वैमानिकावरच सोपवलेले आहे. विमान वेळेत थांबले की तो पुढच्या कामाला लागतो आणि स्वयंचलित ब्रेक व रिव्हर्स थ्रस्ट यांच्या एकत्रित परिणामातून केवळ चाकांची पकड किती होती, हे त्यालाही नेमके सांगता येतेच असे नाही. विमानातील संगणकाला मात्र ते सांगता येते. ब्रेकचा दाब, चाकांचा वेग आणि प्रत्यक्ष मंदावणे यांवरून पकड काढून ती जमिनीवर कळवणारी प्रणाली एअरबसने विकसित केली आहे. जेथे दिवसाला शेकडो विमाने उतरतात, तेथे प्रत्येक विमान हेच मोजमापाचे यंत्र ठरू शकते. पावसाच्या वेगाशी बरोबरी करू शकेल, असा सध्या तरी हाच एक मार्ग दिसतो.

रबराचा थर

‘निसरडी ओली’ हा तीन क्रमांकाचा आकडा पावसात जीप फिरवून ठरत नाही, हेही समजून घ्यायला हवे. तो ठरतो घर्षणाच्या नियतकालिक चाचणीवरून. मोजणीच्या चाकासमोर स्वतःच एक मिलिमीटर पाण्याचा थर टाकणारे वाहन ताशी ६५ आणि ९५ किलोमीटर वेगाने धावपट्टीवरून चालवतात आणि पृष्ठभागाची पकड मोजतात. पकड पहिल्या पातळीखाली आली तर दुरुस्तीचे नियोजन करायचे; किमान पातळीखाली गेली तर धावपट्टी ओली असताना निसरडी असते, हे जाहीर करायचे. या चाचणीचे आकडे आणि विमानाला प्रत्यक्ष मिळणारी पकड यांचा थेट मेळ बसत नाही, म्हणून वैमानिकाला ते सांगितले जात नाहीत. ती चाचणी देखभालीसाठी असते. पण देखभाल हाच तर कळीचा मुद्दा आहे.

प्रत्येक विमान टेकताना थांबलेली चाके क्षणात गरगरू लागतात आणि टायरचे रबर वितळून धावपट्टीला चिकटते. दूरचित्रवाणीवर दिसणारा तो धूर त्याचाच. विमाने टेकतात त्या पट्ट्यात हे रबर थरावर थर चढून डांबराचा खरखरीतपणा बुजवून टाकते. ते उच्च दाबाच्या पाण्याने वा रसायनांनी वेळोवेळी खरवडावे लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जुलै २०१९ मध्ये कोळिकोड विमानतळाला कारणे दाखवा नोटीस बजावली होती. धावपट्टीला पडलेल्या भेगा, साचणारे पाणी आणि रबराचा अतिरिक्त थर हे तिच्यातील आक्षेप होते. पुढील वर्षीच्या अपघाताचे कारण म्हणून या त्रुटींकडे बोट दाखवता येणार नाही. तपासाने तसे म्हटलेले नाही. तथापि पावसाळा ऐन भरात आल्यावर, जुलैमध्ये, धावपट्टीवर रबर आढळावे, यातून देखभालीचे वेळापत्रक आणि पावसाचे वेळापत्रक यांची फारकत दिसते. मुंबईत दरवर्षी मे महिन्यात एक दिवस सकाळी अकरा ते सायंकाळी पाच या वेळेत दोन्ही धावपट्ट्या बंद ठेवून मान्सूनपूर्व कामे उरकली जातात. २०२४ मध्ये ९ मे आणि २०२५ मध्ये ८ मे रोजी ती झाली. हे योग्यच आहे. त्या सहा तासांनंतर धावपट्टीची पकड किती भरली, हे आकडेही जाहीर झाले तर प्रवाशांचे त्यात काही नुकसान नाही.

चूक कोणाची?

अशा अपघातांनंतर वैमानिकाच्या चुका शोधल्या जातात आणि बहुतेकदा त्या सापडतातही. लांबवर टेकणे, जास्त वेग, उशिरा लावलेला रिव्हर्स थ्रस्ट. परंतु ३ मे २०१९ रोजी अमेरिकेतील जॅक्सनव्हिल येथे जे घडले, त्याने या ठरीव उत्तराला तडा दिला. मायामी एअरचे बोइंग ७३७ नौदलाच्या तळावर वादळी पावसात उतरले आणि धावपट्टी ओलांडून सेंट जॉन्स नदीत जाऊन थांबले. विमानातील १४३ जण बचावले. अवतरण स्थिर नव्हते आणि वैमानिकांच्या इतरही चुका होत्या. तरीही अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अभ्यासाअंती असे म्हटले की, वैमानिकांनी सारे काही नियमाप्रमाणे केले असते तरी विमान त्या धावपट्टीवर थांबले नसते. मुसळधार पाऊस आणि आडव्या खाचा नसलेली धावपट्टी यांमुळे पकड जवळपास नाहीशी झाली होती. डांबरात जेमतेम सहा मिलिमीटर रुंद व तितक्याच खोल खाचा पाडल्या, की टायरखालचे पाणी त्यांतून निसटते. ही युक्तीही साठच्या दशकापासून जगाला ठाऊक आहे.

त्याच वर्षी, २०१९ च्या जुलैमध्ये, अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांना एक सल्ला दिला. खाचा नसलेल्या धावपट्टीवर मध्यम वा त्याहून जोराचा पाऊस अपेक्षित असेल, किंवा खाचा असलेल्या धावपट्टीवर जोराचा पाऊस असेल, तर विमानतळाने ‘पाच’ सांगितले तरी हिशेब ‘दोन’ धरून करा, असा त्याचा मथितार्थ. तीन मिलिमीटर पाणी प्रत्यक्ष मोजले जाण्याची वाट पाहू नका, पावसाचा जोर हेच मोजमाप माना. सक्तीचा नियम नसला तरी या सल्ल्यात जे शहाणपण आहे, ते शिकागोच्या बर्फापेक्षा मुंबई, मंगळूर आणि कोळिकोडच्या पावसाला अधिक लागू पडते. पावसाची तीव्रता विमानतळावरील वेधशाळेची उपकरणे सतत टिपत असतात. त्यासाठी जीप धावपट्टीवर नेण्याचीही गरज नाही. एका ठरावीक मर्यादेपुढे पावसाचा दर गेला की धावपट्टीचा आकडा आपोआप दोनवर आणायचा, असा स्पष्ट दंडक डीजीसीएने भारतीय किनारपट्टीच्या विमानतळांसाठी घालून दिला, तर जीपमधील कर्मचाऱ्यावरचे आणि वैमानिकावरचे अंदाजाचे ओझे एकदमच उतरेल.

त्याची किंमत अर्थातच आहे आणि ती कंपन्यांबरोबर प्रवाशांनाही मोजावी लागेल. आकडा दोन म्हटल्यावर काही विमानांचा हिशेब मुंबईच्या लांब धावपट्टीवर बसेल, पण दुय्यम धावपट्टीवर बसणार नाही. वजन अधिक असलेली विमाने आकाशात थांबतील. ज्यांचे इंधन मोजके आहे, ती सरीचा जोर ओसरण्याची वाट न पाहता अहमदाबादची किंवा नागपूरची वाट धरतील. वैमानिकांना ओल्या धावपट्टीवर विमान अलगद न टेकवता ठामपणे, किंचित आदळूनच टेकवण्यास शिकवले जाते, म्हणजे चाके पाण्याचा थर भेदून डांबराला भिडतात. पण तसा धक्का बसला की केबिनमध्ये नापसंतीची कुजबुज होते आणि मऊसूत टेकले की टाळ्या पडतात. उद्या जुलैमधील एखाद्या रात्री मुंबईच्या डोक्यावरून विमान नागपूरला नेण्यात आले, तर हेच प्रवासी पहाटे तीन वाजता तेथील काउंटरवर जाब विचारतील. आणि त्या रात्री मुंबईची धावपट्टी चालू होती, इतर कंपन्यांची विमाने उतरत होती, हेही ते मोबाइलवर दाखवतील.